डांबराच्या पिंपातली माती

आमच्या मामेसासऱ्यांइतका उतावळा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, आणि सरकारने नेमकं त्यांनाच तीस वर्षं रस्त्याच्या रोलरवर बसवलं. रोलरसमोरून गाभण शेळी रमतगमत गेली तरी ती पुढे निघून जायची आणि मामा वर बसून तिच्या शेपटीकडे बघत दात-ओठ खायचे. तीस वर्षं आत कोंडलेला तो वेग मग रोलरवरून उतरल्याबरोबर बाहेर पडायचा. मामा चहा उकळता प्यायचे. गोष्ट सांगायला बसले की आधी शेवट सांगायचे आणि मग "आता हे कसं झालं ते ऐक" म्हणून मागे यायचे. एस.टी. दहाची असली की आठाला स्टँडवर हजर. एकदा एका लग्नाला इतके लवकर पोचले, की मांडवसुद्धा उभा नव्हता. मामांना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी चार मेढी रोवल्या, कनाती ताणल्या, आणि वधूपक्षाने त्यांना मांडववाल्यांच्या पंगतीत जेवायला बसवलं. मामा तिथेही पहिले जेवून उठले.

मी लग्न होऊन जामखेडला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड मामांच्या घराला लागूनच होतं. मी नगरची, शाळेत मास्तरीण, त्यामुळे आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात असा माझा गोड गैरसमज होता. तो मामांनी पहिल्या आठवड्यातच दूर केला. सकाळी दार उघडलं तर हे गृहस्थ अंगणात गुडघ्यांवर बसून बोटाने जमीन उकरताहेत. "काय हरवलं, मामा?" विचारलं, तर म्हणाले, "हरवलं न्हाई. परवा दोडक्याचं बी लावलंय, मोड आला का बघतोय." बी बिचारं तिसऱ्यांदा बाहेर निघालं होतं. मामांच्या अंगणात एकही झाड का नव्हतं याचं अर्धं कारण मला तिथेच समजलं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे ते अंगण. वर बोटभर पांढरी धूळ आणि खाली सगळा मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. मामी राहुरीकडच्या, पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या. त्यांच्या माहेरी म्हणे परसात फेकलेल्या बियांनाही वेल फुटायचे. त्या इथे येऊन पंचवीस वर्षं मुरमाला झाडत होत्या, पण तक्रारीचा एक शब्द नाही. तक्रार करायची तर समोरचा माणूस एका जागी थांबायला नको का?

बहात्तर सालात मामा रिटायर झाले आणि त्याच वर्षी पावसाने तोंड काळं केलं. गणपतीला त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे भाऊजी, पुण्याहून आले. पुण्यात त्यांनी नुकत्याच दोन खोल्या घेतल्या होत्या, मुलगी सहा महिन्यांची झाली होती. गौरी जेवल्यावर त्यांनी विषय काढला, की आता इथे काय आहे? ना पाणी, ना माती. आई-दादांनी पुण्याला यावं. मामा ताडकन म्हणाले, "मी मरंन पन दोन खोल्यांत न्हाई बसायचा." मामी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला जावंसं वाटतंय. या दारात पंचवीस वर्सांत कोथिंबिरीची काडी न्हाई उगवली." मामा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "मला एक वरीस दे." मामींनी थोडा विचार केला आणि सगळ्यांच्या देखत करार सांगितला, "बरं. पुढच्या गौरीला माझ्या दारातली एक तरी भाजी नैवेद्याच्या ताटात आली, तर ऱ्हाऊ. न्हाई तर मुकाट टेम्पोत बसायचं." मामा म्हणाले, "बसंन. जबान दिली." मामांची जबान म्हणजे जबान, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा आमच्या दारात. "सूनबाई, ऊठ! सापडलं!" आमचे हे पांघरुणातून म्हणाले, "काय सापडलं?" तर मामा म्हणाले, "माती!" हातात काही नव्हतं. मग शेवट सांगून झाल्यामुळे मामा सुरुवातीला आले. लोक खत करतात ते खड्ड्यात. आपल्या दारात खड्डा होत नाही. पण पुलाच्या कामावर ते सिमेंटचं मिक्सर असतं ना, गरगर फिरणारं? एका बाजूने वाळू, खडी, सिमेंट टाकलं की दुसऱ्या बाजूने काँक्रीट निघतं. मग त्यात सालपटं, शेण, पालापाचोळा टाकून फिरवलं तर खत का निघणार नाही? "तीस वर्सं मी माती दाबली," मामा छातीवर हात मारून म्हणाले, "आता फुगवतो!" आमचे हे म्हणाले, "मामा, अति तिथं माती." मामांचे डोळे असे चमकले की विचारू नका. "मंग लेका, अतीच करू की!"

आणि केलं. भंगारवाल्याकडून डांबराचं रिकामं पिंप आणलं, आत पेटवून डांबर जाळलं. त्या धुराने माझी वाळत घातलेली दोन पातळं काळी झाली ती अजून माझ्या लक्षात आहेत. अंगणात रस्त्याकडेला बाभळीच्या दोन बेळक्या, म्हणजे दुफाट्याची लाकडं, दगडांत पक्क्या ठोकल्या, पिंपाच्या पोटातून आडवा लोखंडी नळ घातला, पडक्या विहिरीच्या रहाटाचा दांडा त्याला जोडला, एका अंगाला झाकण कापून बिजागरी लावली, आणि हवा जायला खिळ्याने सगळ्या पिंपाला भोकं पाडली. तीन दिवसांत मशीन तयार. मशीनच म्हणायचं. कोणी पिंप म्हटलं की मामांना राग यायचा. रोज सकाळी दहा फेरे, संध्याकाळी दहा फेरे. पहिले फेरे मामांनी मला मारायला लावले, "सूनबाईचा हात लक्ष्मीचा" म्हणून. दांडा फिरवताना आतून धप्प धप्प असा आवाज यायचा आणि प्रत्येक धप्पला मामा लहान मुलासारखे टाळी वाजवायचे. माझ्यातली मास्तरीण पाचव्या फेऱ्याला गळून पडली. सातव्या फेऱ्याला मीच ओरडत होते, "मामा, बघा, बघा, जड झालं!"

आता पोटात घालायला काय? दुष्काळात सालपट कुठून येणार? लोक दोडक्याच्या शिरांची चटणी करत होते, कांद्याची वरची पात टाकायलासुद्धा जीव होत नव्हता. राहिलंसाहिलं खायला समोरच्या भामाबाईंच्या चार शेळ्या टपलेल्या. मामा आणि त्या शेळ्या यांच्यात जी चुरस लागली तिला तोड नाही. बाजारच्या दिवशी कोबीचं वरचं पान गळून पडलं, की एका बाजूने मामा आणि दुसऱ्या बाजूने शेळी. एकदा दोघांनी एकच पान धरलं. भामाबाई ओरडल्या, "अवं दादा, मुकं जनावर हाय ते!" मामा पान न सोडता म्हणाले, "माझं मशीनबी मुकंच हाय!" शेवटी पान फाटलं, अर्धं अर्धं झालं. मामांनी मग शेळ्या खात नाहीत अशा वस्तूंचा शोध लावला. हॉटेलातला चहाचा चोथा, न्हाव्याकडचे केस, रसवंतीची वाळलेली चिपाडं, चुलीतली राख, पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी. आणि शेळ्यांच्या लेंड्या, म्हणजे शत्रूकडूनच खंडणी. शेण मात्र विकत घेतल्यासारखं जपून. पाणी तर प्यायलाच मुश्किलीने मिळायचं. मामी भांडी विसळलेलं पाणी गाळून द्यायच्या. कुठल्या लग्नघरी गेल्या की पदरात केळीची सालं बांधून आणायच्या आणि मामांच्या पुढे ठेवताना दुसरीकडे बघायच्या. करार त्यांच्या विरुद्ध चालला होता, पण नवऱ्याच्या मशीनला उपाशी कसं ठेवायचं?

चौथ्या दिवशी मामांनी झाकण उघडून हात घातला आणि अशी आरोळी ठोकली की मला वाटलं विंचू चावला. "गरम हाय! भाकरीवानी गरम हाय!" गल्लीतल्या प्रत्येकाला हात घालायला लावला. खरंच ऊन लागत होतं. आत विस्तव नाही, वर सूर्य नाही, तरी वाफ येत होती. मलाही काय झालं कोण जाणे, मी शाळेत जाऊन चौथीच्या वर्गाला पाऊण तास तेच सांगत बसले. मामांनी तर त्या उबेत विरजणाची लोटी ठेवायचा घाट घातला. मामी म्हणाल्या, "केसाच्या शेजारी दूध ठिवता व्हय? लाज न्हाई वाटत?" मामांनी त्यांची पाठ फिरताच ठेवलीच. दही काही लागलं नाही, जे लागलं त्याला नाव नाही, पण मामांनी ते पिंपातच टाकून "वाया काय गेलं न्हाई" म्हणून हात झटकले. सगळ्यात मोठी मौज माझ्या नंतर ध्यानात आली. बी उकरून उकरून मारणाऱ्या या माणसाला देवाने अखेर अशी एक वस्तू दिली होती, की जी जितकी उकराल, जितकी हलवाल, तितकी सुधारते. माझ्या माहितीत तरी मामांचा उतावळेपणा कामी आलेला हा पहिलाच प्रसंग.

आणि मग आली खंडेनवमी. तीस वर्षं मामांनी खंडेनवमीला रोलर धुतला होता, त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. आता रोलर नव्हता, पण मशीन होतं. मामांनी ते पुसून स्वच्छ केलं आणि तेलात शेंदूर कालवून भक्तिभावाने माखायला सुरुवात केली. उतावळ्या माणसाची भक्तीही उतावळीच. दोन बोटं लावायची तिथे अख्खं पिंप शेंदरी करून टाकलं. झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून ते आठ दिवसांसाठी तिसगावला बहिणीकडे गेले. जाताना मला बजावलं, "सकाळी धा, संध्याकाळी धा. चुकू नको." मी चुकले नाही हो! शाळेत जायच्या आधी दहा, आल्यावर दहा, मनगटं भरून आली. पण घडत काय होतं? रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेली, माळ घातलेली गोल वस्तू दिसली की आपला माणूस थांबणारच. त्यात दुष्काळ. भामाबाईंनी सोमवारी तेल वाहिलं. पलीकडच्या आळीतल्या बायकांनी मंगळवारी आणखी शेंदूर चढवला. कोणी नारळ फोडून पाणी झाकणाच्या फटीत ओतलं. "पाऊस पडू दे" म्हणून एक म्हातारी रोज हात जोडून जायची. मी बघत होते, पण मनात म्हटलं, श्रद्धा आहे लोकांची, आपलं काय जातं? मी नगरची, चार गोष्टी जास्त कळणारी.

मामा परतले ते थेट मशीनकडे. पायसुद्धा धुतले नाहीत. "आता काळी माती झाली आसंन!" म्हणून गल्लीला आवाज दिला. सगळे जमले, मामी दारात उभ्या राहिल्या, मामांनी झाकण उघडलं. अगं बाई गं! तो वास मी या जन्मात विसरायची नाही. शंभर नासकी अंडी एकदम फुटावीत असा भपकारा आला. भामाबाई तोंडाला पदर लावून पळाल्या, शेळ्या दोर तोडून पळाल्या, आमचे हे चप्पल सोडून पळाले. हात घातला तर गार, चिकट, हिरवाकाळा चिखल. मामा एकटे पिंपापाशी उभे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वासाने आलं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आलं ते सांगता येत नाही. दीड महिना गेला होता. एका एका सालपटासाठी शेळ्यांशी भांडून जमवलेलं सगळं सडून गेलं होतं. मामांनी पिंपावरून हात फिरवला आणि मग स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. "भोकं! सूनबाई, भोकं बुजली गं शेंदरानं! मीच माझ्या हातानं त्याचा श्वास कोंडला!" आणि काय सांगू, एवढं बोलून हा माणूस हसायला लागला. "देव केला तिथंच घात झाला. मशीनला हार नगं, हवा पायजे."

त्याच दिवशी खिळा घेऊन एक एक भोक उघडायला बसले. लगेच भामाबाई आडव्या आल्या, "शेंदूर खरवडता? पाप लागंन!" तिकडून म्हातारी आली, तीही रडायला लागली. मामांनी तडजोड काढली. शेंदूर सगळा झाकणावर, पिंप मोकळं. "तोंड देवाचं, पोट माझं!" भामाबाईंना हे पटलं. इतकं पटलं की पुढे शेळ्यांनी उरवलेला वाळका पाला त्या स्वतः आणून झाकणाला नमस्कार करून आत टाकू लागल्या. सडलेल्या चिखलात मामांनी वाळकी चिपाडं, राख, पाला मिसळला, पसरून वाळवला, पुन्हा भरला, पुन्हा फेरे सुरू. आता सगळी गल्ली फेरे मारायची. येणारा जाणारा दांड्याला हात लावून दोन फेरे मारूनच पुढे जायचा.

संक्रांत होऊन गेली आणि एके सकाळी मामा ओंजळ पुढे धरून आमच्या घरात आले. त्यांच्या ओंजळीत काळीभोर, भुसभुशीत, ओलसर माती होती. सालपट नाही, केस नाही, चोथा नाही. कुठे गेलं सगळं, देव जाणे. "वास घे, वास घे!" मी घेतला आणि मला खरंच वेड लागायचं बाकी राहिलं. मी ती ओंजळ घेऊन शाळेत गेले, हेडमास्तरांच्या नाकाशी नेली. मामांनी पोस्टमनला वास दिला, टँकरच्या ड्रायव्हरला दिला. शेवटी मामींपुढे धरली. मामींनी चिमूट घेतली, बोटांत चुरली, बराच वेळ नाकाशी धरली, आणि "चांगली झालीया" एवढंच म्हणून आत गेल्या. मामा अंगणभर नाचले. उन्हाळाभर पिंपामागून पिंप निघालं. मुरमावर दगडांचं आळं करून मामांनी गुडघाभर मातीचा वाफा घातला. पाऊस उशिरा का होईना, पडला. भोपळ्याचं बी लावलं आणि मामांनी मला सांगितलं, "माझं हात बांधून ठिव, पन उकरू देऊ नको." वेल आला! ताटाएवढी पानं, भिंतीवर चढला, कौलांवर गेला. गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा पिवळीजर्द फुलं लागली. मामा पहाटेपासून मोजायचे, "आज सतरा! सूनबाई, सतरा भोपळं!"

भामाबाई वेल बघायला आल्या, एक एक फूल उचलून बघितलं आणि अवघडून म्हणाल्या, "दादा, राग मानू नगा. ही समदी नर फुलं हायेत. देठाशी गाठ न्हाई. आधी नरच येत्यात, मादी फूल यायला अजून पंधरा दिस तरी लागत्याल." मामांना पंधरा दिवस नव्हते. सगळा वाफा त्यांनी भोपळ्यावर लावला होता, दुसरं काही पेरलंच नव्हतं. पंधरा दिवस आधी बी लावायचं तर पाऊस नव्हता. मामा वेलाखाली एका जागी बसून राहिले. तसे ते कधी दिसले नव्हते.

भाऊजी गौरीच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊनच आले. तेही काही वाईट नव्हते हो, आई-वडिलांच्या काळजीनेच आले होते. कोणी काही म्हणायच्या आत मामा पाना घेऊन मशीनपाशी बसले आणि नट सोडवायला लागले. "जबान दिली हुती," म्हणाले, "उद्या सकाळी निघू." एक एक नट सोडवत होते, पुसून डब्यात ठेवत होते, इतके हळू की मला बघवेना. मी ओट्यावर उभी राहून सरळ रडायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामी बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या परडी घेऊन बाहेर आल्या आणि वेलावरची फुलं खुडायला लागल्या. मला वाटलं पूजेला. सगळी खुडली, एक ठेवलं नाही, आणि आत गेल्या.

दुपारी गौरीपुढे ताट मांडलं. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. मामींनी नैवेद्य दाखवला, मग आम्हाला पानं वाढली, आणि भाऊजींच्या पानात एक मोकळी, पिवळी भाजी वाढून समोर बसल्या. "कशी झालीया?" भाऊजी म्हणाले, "मस्त! कशाची आहे?" मामी म्हणाल्या, "फुलांची. पीठ पेरून केलीया. दारातल्या वेलाची." भाऊजींचा घास हातातच राहिला. "आई, ही कुठली भाजी? भोपळा कुठाय?" मामी शांतपणे म्हणाल्या, "गौरीला चालली, अन् तुला चालंना व्हय?" मामाच प्रामाणिकपणे पुटपुटले, "अगं, पन करार भाजीचा हुता, फुलांचा..." मामी कडाडल्या, "करार मी केलाय का तुमी? तुमी गप जेवा!" मामा पानावरून उठले, खरकट्या हातानेच पाना उचलला आणि नट आवळायला लागले. टेम्पो रिकामा गेला. पुढे भोपळे आले ते इतके, की ओळखीची माणसं आम्हाला लांबून बघून रस्ता बदलायची.

मामा त्यानंतर सात वर्षं जगले, आणि त्या सात वर्षांत अर्ध्या जामखेडाला त्यांनी पिंपं फिरवायला लावली. ते गेल्यावर भाऊजींनी मामींना पुण्याला नेलं. एकदा मी त्यांना भेटायला गेले. त्या नातीची वेणी घालत होत्या. नात शाळेच्या घाईत होती, "आजी, लवकर" म्हणत होती. ती गेल्यावर मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "मामी, तुम्हाला तेव्हा पुण्याला यायचंच नव्हतं ना? उगाच मामांना कामाला लावायला म्हणालात ना?" मामी कंगवा साफ करत म्हणाल्या, "छ्या! लई यायचं हुतं गं. नात पाच-सहा म्हयन्यांची हुती, तिचं रांगणं बघायचं हुतं, चालणं बघायचं हुतं. रोज गौरीला म्हनायची, यंदा काय उगवू देऊ नगंस." मी म्हटलं, मग फुलं का खुडलीत? त्यांनी कंगवा ठेवला. "ते नट सोडवत बसले हुते न्हवं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई बघवलं." मग त्या उठल्या, माझ्यापुढे चहा ठेवला, आणि मामा आणि शेळीने एकच पान कसं धरलं होतं ते मलाच सांगत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.